माणसाले नाव असते जी

बोरी अरबकडून आमच्या गावात कोणी परका माणूस आला आणि त्यानं स्टँडवरच्या निंबाखाली बसलेल्या उकंडरावजींना "लंगड्या नामदेवचं घर कुठं हाय?" असं विचारलं, की त्याचा दिवस वाया गेला म्हणून समजायचं. उकंडरावजी उठून उभे राहत, टोपी सारखी करत आणि फार अदबीनं सांगत, "अशा नावाचा माणूस आमच्या गावात नाई जी."

आणि नामदेव समोरच पानठेल्यावर विडी ओढत उभा असायचा.

एकदा पांढरकवड्याहून एकजण नामदेवची बैलजोडी पाहायला आला. भर उन्हात त्यानं सगळ्या गावाला मोटरसायकलनं प्रदक्षिणा घातली, शेवटी माझ्या पिठाच्या गिरणीवर येऊन पाणी मागितलं आणि विचारलं, "बाई, तो टोपीवाला म्हातारा डोक्यानं बरा आहे ना?" मी म्हटलं, डोक्यानं तुमच्या-आमच्यापेक्षा बरा आहे, पण त्याच्या तोंडी लागू नका. तेवढ्यात उकंडरावजी स्वतःच मागून आले. त्यांनी पाव्हण्याचा हात धरला, त्याला थेट नामदेवच्या अंगणात नेऊन बाजेवर बसवलं आणि चहाही तिथंच मागवला. संध्याकाळी नामदेव तणतणत गिरणीवर आला. गिऱ्हाईक परत गेलं असतं तर बैल काय तुमच्या दारात बांधले असते का, असं त्याचं म्हणणं. उकंडरावजी शांत होते. म्हणाले, "त्यानं तुमच्या पायाचं घर पुसलं, नामदेवराव. तुमचं कुठी पुसलं?"

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. ह्या माणसापुढे गावानं केव्हाच हात टेकले होते.

"माणसाले नाव असते जी," हे त्यांचं पालुपद. लंगडा, बहिरा, आंधळा, लुला, मुका, असा एकही शब्द ते तोंडातून काढत नसत आणि दुसऱ्यानं काढला तर त्यांना ऐकू येत नसे. पुन्हा म्हटला, तर पुन्हा ऐकू येत नसे. समोरचा चिडून शेवटी नाव घेई, तेव्हा कुठं त्यांचे कान उघडत. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांना हा म्हाताऱ्याचा चावटपणा वाटे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटलं. गावाला नावं पुरवणाऱ्या ह्या माणसाला स्वतःला एकच नाव हवं होतं आणि ते मिळेल की नाही ह्या धाकात तो जगत होता, हे मला फार उशिरा समजलं.

त्यांचं स्वतःचं नाव तर ऐकलंतच. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, ती पुढचं लेकरू झालं की त्याला उकंड्यावर नेऊन लोळवते, आणि नाव उकंडा ठेवते. देवाला वाटावं, हा कचरा आहे, ह्याला कशाला न्यायचं. आमच्याकडे असे उकंडराव गावोगाव आहेत. पण आमच्या उकंडरावजींइतका ह्या नावाचा अभिमान मी कोणात पाहिला नाही. लग्नात माईक हातात आला, की आधी स्वतःचं नाव बापाच्या नावासकट सांगत, मग वधू-वरांचं.

माईक त्यांचाच होता. दोन भोंगे, एक मशीन आणि रुमालात गुंडाळलेला माईक एवढी त्यांची इस्टेट. लग्न असो की तेरवी, पाव्हण्यांचं स्वागत, कोणी कुठं बसावं, पंगत कधी बसणार, हे सगळं तेच सांगायचे. घरोघर जाऊन आवतन देण्याचं कामही लोक त्यांनाच सांगत, कारण त्यांच्याइतक्या मानानं कोणी बोलवत नसे. दारात उभे राहून ते घरातल्या पाळण्यातल्या लेकराचंसुद्धा नाव घेत.

गडबड व्हायची ती नामदेवांची. आमच्या गावात नामदेव म्हणजे निंबाला निंबोळ्या. म्हणून लोकांनी सोय केलेली, लंगडा नामदेव, काळा नामदेव, नाल्यावरचा नामदेव. उकंडरावजींना ती सोय मंजूर नव्हती. त्यांनी आपली नवी व्यवस्था लावली. लंगडा नामदेव म्हणजे 'बेलाच्या झाडाचे नामदेवराव'.

आता बोला. बेल काय एकाच दारात असतो?

विठ्ठलरावांच्या मुलीच्या लग्नात उकंडरावजींना बरं नव्हतं, म्हणून विठ्ठलरावांनी बाहेरगावाहून आलेल्या आपल्या पुतण्याला आवतनाला पाठवलं, आणि उकंडरावजींनी त्याला अंथरुणातून आपल्या भाषेत पत्ते समजावून दिले. पोरगा बेलाचं झाड पाहत गेला आणि नाल्यावरच्या नामदेवच्या दारात उभा राहिला. त्या नामदेवचं आणि विठ्ठलरावांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, असं वाजलेलं, की एकमेकांची सावली दिसली तरी वाट बदलत. आणि आवतन साधं नव्हतं, चुलीला होतं. चुलीला आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, सगळं घरदार जेवायला येतं.

आलं की. नामदेव, बायको, पोरं, मुक्कामाला आलेली सासू, सगळे धुतले कपडे घालून मांडवात. विठ्ठलरावांचा चेहरा असा झाला की फोटो काढणाऱ्यानं सुद्धा कॅमेरा खाली केला. पण दारात आलेल्या माणसाला पानावरून उठवायची आमच्याकडे रीत नाही. आणि त्या नामदेवला बिचाऱ्याला वाटलं, विठ्ठलरावांनीच मोठं मन केलं. त्याचे डोळे भरून आले. दोन घास खाल्ले न खाल्ले, तो उठला, वरणाची बादली उचलली आणि पंगतीला वाढायला लागला.

एवढ्यात खरा नामदेव काठी आपटत मांडवात शिरला. सख्खा शेजारी असून आवतन नाही म्हणून तो सकाळपासून धुमसत होता. उकंडरावजी तापातही घोंगडी पांघरून आलेच होते, त्यांना गाठून त्यानं सगळ्यांदेखत सुनावलं, "मले लंगडा म्हना, पांगळा म्हना, पन जेवाले तं बलवा ना जी."

सगळा मांडव हसला. उकंडरावजीही हसले, पण लगेच उठून त्यांनी नामदेवचा हात धरला आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. त्या दिवसापासून विठ्ठलराव आणि नाल्यावरचा नामदेव बोलायला लागले, हे श्रेय मात्र उकंडरावजींनी कधी सोडलं नाही. जणू धुऱ्याचं भांडण मिटवायलाच त्यांनी बेलाचं झाड लावलं होतं.

ती वर्षं कशी होती, ते आठवलं की मला अजून स्वप्नात असल्यासारखं होतं. कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. माजघरात कापूस, देवघरात कापूस, आमच्या पोरी तर त्याच्यावरच झोपत. दार उघडलं की एखादा पुंजका आपोआप उठून बाहेर जाई आणि गल्लीत तरंगत राही. त्यात लोडशेडिंग. दुपारी लाइन गेली की माझी गिरणी बंद, आणि डबे घेऊन आलेली माणसं ओट्यावर तशीच बसून राहत. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसायचं. केसांवर पीठ, पापण्यांवर कापूस, सगळे एकाच वयाचे दिसायचे. लोक आतून फार काळजीत होते, पण त्या शांततेत काळजीचं कोणी बोलत नसे. इकडचं तिकडचं बोलत. त्या ओट्यावर उकंडरावजींची जागा ठरलेली होती.

तिथंच एकदा शेवंताबाईनं त्यांची शिकवणी घेतली. शेवंताबाईला दिसत नव्हतं, लहानपणी देवी आल्या तेव्हापासून. उकंडरावजी तिच्याशी बोलताना इतके जपून बोलत, की वाक्य पुरंच होत नसे. 'पाहा' शब्द आला की ते थबकत, खाकरत आणि "जरा ते, म्हणजे, हे करा," असं काहीतरी म्हणत. एक दिवस तिचा डबा दळून झाला. उकंडरावजी म्हणाले, "शेवंताबाई, पीठ बारीक झालं का ते जरा... म्हणजे... समजून घ्या."

शेवंताबाई पिठात बोटं घालून हसली. म्हणाली, "उकंडरावजी, मी काल भाचीकडं टीव्ही पाह्यला, परवा लेकीची वाट पाह्यली. तुमी कायले भेता एवढं? मले शेवंता म्हना अन् सरळ बोला. मले तेवढंच पायजे."

मला वाटलं म्हातारा आता रुसणार. पण टोपी सारखी करून ते खालच्या आवाजात म्हणाले, "बराबर हाय तुमचं." त्यानंतर गावभर सांगत सुटले, की शेवंताबाईनं मला बोलायला शिकवलं. आणि तिला भेटले की मुद्दाम मोठ्यानं म्हणत, "पाहा शेवंताबाई, पाहा," इतकं, की शेवटी तिनंच हात जोडले.

तालुक्याचा साहेब एकदा शिबिर घेऊन आला. गावातल्या सर्व अपंग बांधवांनी शाळेत यावं, असं पुकारायला त्यानं उकंडरावजींना सांगितलं. साहेब चांगला होता, शब्दही त्यानं जपून वापरला होता. उकंडरावजींनी माईक हातात घेतला आणि एकेकाला नावानं, बापाच्या नावानं, गल्लीच्या नावानं आवतन द्यायला सुरुवात केली. साहेबाचा चहा निवला, दुसरा आला, तोही निवला. साहेब म्हणाला, "काका, एका शब्दात झालं असतं." उकंडरावजी म्हणाले, "तुमचा शब्द चांगला हाय साहेब, सरकारात ठिवा. आमच्या निंबाखाली नाव चालते." साहेबाला राग आला नाही, पण त्यानंतर पुकारायला तो स्वतःचाच माणूस आणू लागला.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. आमच्या गावात महादेव म्हणून सुतार आहे, त्याला ऐकू येत नाही. सगळं गाव त्याच्याशी ओरडून बोलतं, जणू जोरानं ओरडलं तर एखाद दिवस ऐकू येईल. उकंडरावजी, ज्यांचा आवाज भोंग्याशिवाय अर्ध्या कोसावर जाई, ते महादेवसमोर एकदम शांत होत. त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहत, त्यानं मान वर करेपर्यंत थांबत, मग हातानं, भुवयांनी, ओठांनी असं काही बोलत की महादेव रंधा खाली ठेवून हसायला लागे. दोघंही आवाज न करता तासन् तास गप्पा मारत. गावात दुसऱ्या कोणाला हे जमत नव्हतं.

हिवाळ्यातली दुपार होती. लाइन गेलेली, ओट्यावर आम्ही दोघंच. मी सहज विचारलं, "उकंडरावजी, हे हाताचं बोलणं तुमाले कोणं शिकवलं?"

त्यांनी गुडघ्यांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "वयनी, मले माह्या भावाचं नाव माईत नाई."

मला वाटलं मी काही चुकीचं ऐकलं. पण ते बोलत गेले, निंबाखाली बोलतात तसं नाही, अगदी हळू. त्यांना मोठा भाऊ होता. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. सगळं गाव त्याला मुका म्हणे. बाप म्हणे, माय म्हणे, हेही म्हणत. त्याच्या पाठीवरची भावंडं गेली, मग हे झाले, म्हणून उकंड्यावर लोळवलेले. भावानंच ह्यांना वाढवलं. कापूस वेचणीला माय पुढं जाई आणि भाऊ ह्यांना खांद्यावर घेऊन मागून चाले. कापसाच्या गंजीत बसवून तो ह्यांच्या पापण्यांवर कापूस ठेवायचा आणि फुंकर मारून उडवायचा. तो हसला की मोठा आवाज व्हायचा, आणि त्याला वाटायचं आपण गुपचूप हसतो आहोत. एका पावसाळ्यात तापानं तो गेला. मिसरूडही फुटलं नव्हतं. मायनं नंतर त्याचा विषयच काढला नाही, आणि मायही लवकर गेली.

"मंग बाप गेल्यावर पित्रपाटाले मी पान वाढलं," ते म्हणाले. "आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, मायचं घेतलं. भावाचा घास ठेवाले गेलो तं तोंडातून निंगालं, 'अन् हा मुक्याचा.' वयनी, तो घास माह्या हातातच राह्यला. एवढ्या जन्मात मी त्याले नावानं बोलावलंच नाई. मले नावच माईत नाई."

पिठाचा वास, मागच्या खोलीत कापसाचा ढीग, आणि हा टोपीवाला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. त्यांनी विचारलं होतं. सगळ्यांना मुका आठवत होता, त्याचं नाव कोणालाच आठवत नव्हतं.

राहिलं होतं एकच माणूस, ढाणकीची आत्या.

बारशाला नाव आत्या ठेवते, हे काय सांगायचं. पाळण्यात वाकते, लेकराच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ह्यांची आत्या एकुलती. म्हणजे भावाचं नाव ठेवलं असेल, तर तिनंच. आणि ती जिवंत होती. उमरखेडच्या पुढं, ढाणकीत, लेकाकडे. उकंडरावजी दरसाल दिवाळी झाली की तिच्यासाठी लुगडं घेऊन तिकडं जातही होते.

"मंग पुसलं नाई?" मी विचारलं.

"त्या साली तिच्या घरी पाव्हणे होते."

"अन् औंदा?"

"औंदा तिची तब्येत बरी नव्हती."

त्यानंतर दरसाल हाच पाठ. ते ढाणकीहून परत आले की मी गिरणीचा पट्टा काढून विचारी, पुसलं का? आणि ते सांगत, एसटी लवकर होती, तिची सून तिथंच बसली होती, तुरीचा विषय निघाला तो संपलाच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी चांगलीच तापले. म्हटलं, म्हातारी पिकलं पान आहे, उद्या गळून पडेल, मग बसा निंबाखाली.

तेव्हा ते म्हणाले, "पुसलं अन् तिले आठवलं नाई तं? आता निदान ते नाव ढाणकीत हाय, वयनी. पुसल्यावर कुठीच नसंन."

त्या दिवशी मी त्यांचं दळण फुकट दळून दिलं आणि त्यावरूनही आमचं भांडण झालं.

पुढच्या थंडीत माझ्या फोनवर निरोप आला. आत्यानं अन्न सोडलं होतं, नातू म्हणाला, भेटायचं असेल तर या. मी निंबाखाली जाऊन सांगितलं. उकंडरावजी घरी गेले, धुतलेलं धोतर नेसून पिशवी घेऊन आले आणि माझ्या ओट्यावर बसून राहिले. जात का नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वयनी, तुमी चाला." मी गिरणी बंद केली. लोकांनी डबे वाजवले, नवरा म्हणाला ते तुझे कोण लागतात. मी म्हटलं, कोणी लागत नाहीत, म्हणूनच जाते.

दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, गाड्या बदलत आम्ही निघालो. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला होता, जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला, कोसच्या कोस पांढऱ्या बाभळी. धुक्यात तो कापूस कुठं संपतो आणि धुकं कुठं सुरू होतं, काही समजत नव्हतं. उकंडरावजी खिडकीशी बसून सारखे ओठ हलवत होते. विचारायचं वाक्य पाठ करत असावेत.

दिवस कलताना आम्ही पोचलो. आत्या बाजेवर होती, मूठभर राहिलेली, पण डोळे लखलखीत. तिनं भाच्याला लगेच ओळखलं. सुनेनं पाणी दिलं. उकंडरावजी पायथ्याशी बसले आणि बोलायला लागले. थंडी औंदा जास्त आहे. पुसदला गाडी लवकर मिळाली. तुरीला फूल चांगलं आहे. मी वाट पाहिली, मग खाकरले, मग त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ते तुरीवरून हरभऱ्यावर गेले. माझं डोकं फिरलं. मी बाजेजवळ सरकले आणि म्हटलं, "आत्याबाई, याईले तुमाले एक पुसाचं हाय."

उकंडरावजी एकदम उभे राहिले.

आत्या म्हणाली, "मले माईत हाय त्याले काय पुसाचं हाय. दरसाल येते. दरसाल मी भेते."

मग ती थांबत थांबत सांगू लागली. पहिला भाचा झाला तेव्हा तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण होतं, इकडं ढाणकीत, नदीला पूर. ती जाऊ शकली नाही. आत्या आल्याशिवाय बारसं कसं करायचं म्हणून ते पुढं ढकललं. ती गेली तोवर घरच्यांच्या लक्षात आलं होतं, की लेकराला ऐकू येत नाही. "तुही माय मले म्हणे, ज्याले आयकूच येत नाई त्याच्या कानात काय सांगाव. मी पोरसवदा, मी बी चूप राह्यली. नाव ठेवलंच नाई बापू त्याचं. मीनं योजलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या योजलं होतं. पन मले कोणी पुसलं नाई अन् मी सांगतलं नाई."

ती दम घ्यायला थांबली. "तू आला का मले वाटे, आज पुसंन. अन् मी नाव ठेवलंच नाई म्हटलं, तं मंग हा कायले येईन माह्याकडं."

इतकी वर्षं दोघंही तुरीबद्दल बोलत होते ते ह्यासाठी. एकजण विचारायला भीत होता, दुसरी सांगायला. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही पोटाशी धरावंसं वाटलं.

उकंडरावजी खाली बसले. पाठ केलेलं वाक्य केव्हाच विसरले होते. म्हणाले, "मंग आता ठेव ना, आत्या."

"त्याच्या कानात सांगाव लागते. तुह्या नाई."

"त्याचा कान मीच होतो," ते म्हणाले. "त्याच्यावाटचं मीच आयकत होतो."

त्यांनी टोपी काढली आणि बाजेवर डोकं टेकवून कान तिच्या तोंडाजवळ नेला. सुनेनं आणि मी आत्याला धरून थोडं उठवलं. दिवेलागणीची वेळ होती. म्हातारीच्या घशातून कुर्र नीट निघालं नाही, दुसऱ्यांदा निघालं. मग तिनं नाव सांगितलं, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. गुणवंत. रीतीप्रमाणे मी तिच्या पाठीत धपाटा घालायला हवा होता. हाडांवर हात लागला, तो मी तिथंच ठेवून दिला.

उकंडरावजींनी कितीतरी वेळ डोकं उचललं नाही. आत्या त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. त्या रात्री तिनं थोडी पेज घेतली.

सकाळी ढाणकीच्या स्टँडवर दाट धुकं होतं. गाडी लागायची होती. एका बाजूला चूल पेटवून एकजण कढईत शेंगदाणे भाजत होता, आम्ही ऊब म्हणून तिकडंच उभे राहिलो. उकंडरावजी हात शेकत म्हणाले,

"वयनी, त्याले हाक आयकू आलीच नसती, मले समजते. तो पाठमोरा असला का मी खडा मारू मारू त्याले बलावत होतो. पन मले मारायची होती ना, एक तरी हाक."

मी म्हटलं, "मंग मारा."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. उभा जन्म भोंग्यावर गाव पुकारलेला हा माणूस. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, धुक्याकडे तोंड केलं आणि अगदी हळू म्हणाले, "गुणवंतभाऊ."

शेंगदाणे भाजणारा माणूस वळून म्हणाला, "ओ. काय जी?"

आमच्या जिल्ह्यात गुणवंत नावाला तोटा नाही. एरवी मी पोट धरून हसले असते. उकंडरावजी त्याच्याकडे पाहत राहिले. मग जवळ गेले, हात जोडले आणि म्हणाले, "काई नाई जी. तुमी ओ देल्ली, लय झालं."

त्या माणसाला काही कळलं नाही. म्हातारं माणूस रडतंय म्हणून त्यानं कढईतले मूठभर गरम दाणे कागदात बांधून त्यांच्या हातावर ठेवले. तेवढ्यात उमरखेडची गाडी लागली.